जुना ट्रक आत्ता घ्यायचा की पैसे साठवून नवा? आमची गाडी नावावर होईपर्यंतचं सगळं

आमची रोपवाटिका आहे, कृष्णाकाठचा भाग असल्यामुळे ऊसरोपं सगळ्यात जास्त, बाकी सीझनप्रमाणे टोमॅटो, मिरची, वांगी, फ्लॉवर. रोपं ट्रेमध्ये वाढवायची आणि शेतकऱ्याच्या बांधावर पोच करायची असा धंदा, म्हणजे गाडी लागतेच. इतकी वर्षं भाड्याची गाडी करत होतो. २०२५ मध्ये स्वतःची घ्यायचं ठरलं आणि लगेच घरात दोन पार्ट्या पडल्या. सासरे, म्हणजे अण्णा, म्हणाले आहे त्या पैशात जुनी घ्या आणि कामाला लागा. नवरा म्हणाला अजून दोन-तीन वर्षं कळ काढू पण चांगली नव्यातली घेऊ, जुन्या गाडीपेक्षा मिस्त्रीच जास्त वेळ घरी दिसायला नको. हिशोबाची वही माझ्याकडे असते त्यामुळे दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

हे लिहायचं कारण एवढंच की शोधताना जे मिळत होतं ते बहुतेक सगळं कारबद्दलचं, आणि मालवाहू गाडीचं प्रकरण पूर्ण वेगळं असतं, पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी), परमिट, टॅक्स, सगळं त्यात जास्तीचं येतं. आकडे आमचे आहेत, तुमचे वेगळे येतील.

जुलैमध्ये हंगाम जरा उतरल्यावर मी वर्षाभराच्या भाड्याच्या पावत्या काढून बसले. एकूण भाडं गेलं होतं २ लाख ८६ हजार. हा आकडा बघून अण्णा म्हणाले बघा, दोन वर्षात गाडी फिटली. पण असं नसतं ना. स्वतःच्या गाडीलाही डिझेल लागतंच, तेवढ्याच फेऱ्यांचं मी साधारण ९५ हजार धरलं. इन्शुरन्समध्ये साडेसात टनापर्यंतच्या मालवाहू गाडीचा नुसता थर्ड पार्टी (समोरच्याच्या नुकसानीचा) प्रीमियमच तेव्हा १६,०४९ होता, वर जीएसटी, आणि गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचं कव्हर धरलं की २७ हजाराच्या आसपास. टायर, ऑइल, पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या), क्लच असं सगळं मिळून वर्षाला ६० हजार तरी बाजूला पाहिजेत. ड्रायव्हर आम्हाला वेगळा लागत नाही, नवरा चालवतो. म्हणजे वाचणार ते वर्षाला लाखभर रुपये फक्त. तुम्हीही हिशोब करताना पूर्ण भाडं वाचलं असं धरू नका, गाडी विकणारे आणि फायनान्सवाले दोघंही तुम्हाला तसंच धरून दाखवतात.

मग खरा मुद्दा काय होता तर वेळ. टोमॅटोचं रोप २५-३० दिवसांत तयार होतं, त्यानंतर ते ट्रेमध्ये उंच सुटायला लागतं आणि शेतकरी उचलत नाही, आणि त्याची काही चूकही नसते. नेमकं जूनमध्ये सगळ्यांनाच गाड्या पाहिजे असतात, भाड्याची गाडी आज येतो उद्या येतो करत राहते, आणि छोटा हत्ती मिळाला तर एका फेरीचं काम दोन फेऱ्यांत. गेल्या जूनमध्ये गाडीअभावी राहिलेल्या रोपांचा तोटा मी वेगळा लिहून ठेवला होता, तो ७० हजाराच्या घरात होता. थांबायचं म्हणजे हा खर्च अजून दोन-तीन हंगाम करायचा, आणि तो कुठल्याच ईएमआय कॅल्क्युलेटरमध्ये दिसत नाही.

तरी नवऱ्याची बाजूही मला पूर्ण पटत होती म्हणून आम्ही नव्या गाडीचं कोटेशन काढलंच. ऑगस्टमध्ये आम्हाला पाहिजे त्या साइजची गाडी ऑन रोड साडेचौदा लाखाला सांगत होते. मग १५ ऑगस्टला जीएसटी कमी होणार अशी घोषणा झाली, ३ सप्टेंबरला काउन्सिलने मालवाहू गाड्यांचा दर २८ वरून १८ टक्के केला आणि २२ सप्टेंबरपासून तो लागू झाला, त्यामुळे आमच्या कोटेशनमध्ये लाखभराचा फरक पडला. शिवाय १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या ट्रकना केबिनमध्ये एसी सक्तीचा झालाय, ते एक आकर्षण (नवरा मे महिन्यात चालवतो, त्यामुळे मी यावर हसले नाही). पण १२ लाख कर्ज धरलं तर साडेदहा टक्क्याने पाच वर्षं महिन्याला जवळजवळ २६ हजाराचा हप्ता. आमच्या धंद्यात वर्षाचे सहा-सात महिने पैसा फिरतो, बाकीचे महिने आम्ही पुढच्या हंगामाच्या कोकोपीटचे आणि बियाण्याचे पैसे देत असतो. तिथेच तो विषय संपला.

मधला रस्ता होता तीन-चार वर्षं जुनी बीएस६ (धुराच्या प्रदूषणाचे नवे नियम पाळणारी) गाडी. १ एप्रिल २०२० पासून बीएस६ च रजिस्टर होतात, म्हणजे त्याच्या नंतरची कुठलीही. तिचा भाव साडेनऊ ते दहा लाख. आमच्याकडे साठलेले होते ६ लाख ४० हजार. भाडं देत देत उरलेले साठवायला अडीच वर्षं सहज लागली असती, आणि तोपर्यंत ती गाडी अजून जुनी होणार पण आपल्याला परत तीन वर्षांचीच पाहिजे असणार, हे लक्षात घ्या. आमच्या मिस्त्रींचं मत वेगळंच होतं. ते म्हणाले, "वहिनी, बीएस६ चालवायला भारी आहे, पण सेन्सर गेला की लॅपटॉप लावल्याशिवाय मला काही कळत नाही, आणि डीपीएफ, म्हणजे धुराचा फिल्टर, चोक झाला तर तुम्हाला शहरातच जायला लागणार." हे सगळ्यांना लागू होत नाही, शहराजवळ असाल आणि रोज लांब हायवेला गाडी चालत असेल तर बीएस६ च बरी. आमच्या गाडीला छोट्या छोट्या फेऱ्या, शेतातले रस्ते, आणि जवळचं गॅरेज म्हणजे आमचे मिस्त्री.

शेवटी ठरलं असं की २०१७ नंतरची बीएस४ बघायची (१ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस४ सक्तीचं झालं), पाच लाखाच्या आत, आणि उरलेल्या पैशाला हात लावायचा नाही, तो दुरुस्ती आणि कागदपत्रांसाठी. नवऱ्याने याच अटीवर हो म्हटलं. माझं आत्ताही हेच मत आहे की जुन्या गाडीसाठी सगळी शिल्लक रिकामी होत असेल तर थांबलेलं बरं, कारण पहिल्या सहा महिन्यांत ती पैसे मागतेच. अजून जुन्या, २०११-१२ च्या गाड्या तीन लाखातही मिळत होत्या पण १५ वर्षांपुढच्या कमर्शिअल गाडीची फिटनेस फी एप्रिल २०२२ पासून कित्येक पट वाढलेली आहे, त्यामुळे त्या बघितल्याच नाहीत.

सप्टेंबर-ऑक्टोबर शोधण्यात गेला. गाडी बघायला जायच्या आधी नंबर मागून घ्यायचा आणि एमपरिवहन ॲपवर टाकायचा, फिटनेस कधीपर्यंत, इन्शुरन्स, पीयूसी, कुठल्या फायनान्सचा बोजा (कर्जाची नोंद) आहे का, सगळं तिथे दिसतं. चलनं महाट्रॅफिकच्या साइटवर वेगळी बघायची. नंबर द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडे जायचंच नाही, आमच्या अर्ध्या चकरा यानेच वाचल्या. एक गाडी दिसायला एक नंबर होती, नवा रंग, नवी ताडपत्री, पण मिस्त्रींनी खाली वाकून बघितलं तर मागच्या ॲक्सलच्या वर चॅसिसला वेल्डिंग. ओव्हरलोडची गाडी. चहासुद्धा न घेता परत आलो.

आमची गाडी १२ ऑक्टोबरला बघितली, पुणे जिल्ह्यातली, सप्टेंबर २०१७ ची, एकाच मालकाची, १४ फुटी बॉडी, सहा टायर. मालक किराणा होलसेलवाले काका. आम्ही येण्याआधी गाडी चालू करू नका असं मी फोनवर सांगून ठेवलं होतं, कारण गरम इंजिन काहीच खरं सांगत नाही. थंड इंजिनला सेल्फ मारल्यावर सुरुवातीला थोडा पांढरा धूर आला आणि थांबला, निळा आला असता तर ऑइल जळतंय असं समजायचं. मिस्त्रींनी ऑइलचं झाकण उघडून इंजिन बॅक मारतंय का (झाकणातून धूर फेकतंय का) बघितलं, रेडिएटरच्या पाण्यात ऑइलचा तवंग नाही ना बघितलं, पुढचं चाक जॅकवर घेऊन किंगपिनचा प्ले (चाकाच्या खिळीचा ढिलेपणा) बघितला, मग लोड नसताना आणि थोडा लोड टाकून असं दोन्ही चालवून क्राउनचा (मागच्या ॲक्सलमधल्या गिअरचा) आवाज ऐकला. टायरवर शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, त्यावरून कळलं की मागचे दोन २०१९ चे आहेत आणि तेही रिमोल्ड केलेले (जुन्यावर नवं रबर चढवलेले). क्लच वर आलेला, एक पाटा तुटलेला, बॉडीचा पत्रा डाव्या बाजूला सडलेला. यातलं प्रत्येक मी वहीत भावासकट लिहीत गेले आणि काकांच्या समोरच बेरीज केली. ते मागत होते ५ लाख ६० हजार, नवीन गाड्या स्वस्त झाल्यामुळे जुन्यांचे भावही तेव्हा जरा सैल झाले होते, ४ लाख ८५ हजाराला जमलं. मिस्त्रींना दिवसाचे २,००० आणि जेवण दिलं.

काकांना पाडव्याला व्यवहार करायचा होता, आम्हालाही चाललं. २२ ऑक्टोबरला ५०० च्या स्टँपवर करारनामा (१०० चा आता चालत नाही), आणि त्यात गाडीचा ताबा कुठल्या तारखेला आणि किती वाजता दिला ते स्पष्ट लिहिलं. वेळ लिहाच. त्याच दिवशी सकाळचं चलन असेल तर ते कुणाचं यावरून नंतर वाद नको. पैसे सगळे बँकेतून दिले, आणि ६० हजार त्यांच्या आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला) हातात आल्यावर असं करारातच लिहून मागे ठेवले. काका सुरुवातीला नाराज झाले. त्यांना सांगितलं की आरसीवर ज्याचं नाव त्याच्यावरच अपघाताची भरपाई येते, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने तसं स्पष्ट सांगितलंय, गाडी विकली म्हणून सुटका होत नाही, तेव्हा लवकर नावावर होणं तुमच्याही फायद्याचं. त्यानंतर काकाच आम्हाला फोन करून विचारायला लागले की काम कुठपर्यंत आलं.

आता कागदपत्रं. गाडी नावावर करायला फॉर्म २९ दोन प्रती आणि फॉर्म ३०, बोजा उतरवायला फायनान्सचा फॉर्म ३५ आणि त्यांची एनओसी, दुसऱ्या आरटीओला गाडी न्यायची म्हणून फॉर्म २८, चॅसिस नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा, दोघांचे आधार-पॅन, फोटो. चॅसिसचे ठसे चार-पाच जास्तीचे काढून ठेवा, आणि काढताना तो भाग आधी रॉकेलने पुसून घ्या नाहीतर आकडे उठत नाहीत. काकांच्या सह्या सगळ्या फॉर्मवर पाडव्यालाच घेतल्या होत्या. कायद्याने विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचं असतं, पण बोजा उतरलेला नसेल तर ते गणित कुणाचंच बसत नाही.

आमचंही इथेच अडकलं. काकांचं कर्ज २०२१ लाच फिटलेलं पण आरसीवरून बोजा काढलाच नव्हता, आणि फायनान्सवाल्यांनी तेव्हा दिलेली एनओसी कधीच बाद झालेली, तिची मुदत तीन महिने असते. परत नवीन मागवली, त्यात तीन आठवडे गेले, शाखा बदललेली, फाइल दुसऱ्या ऑफिसला, तोच प्रकार. दुसरी अडचण नंबरप्लेटची. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला महाराष्ट्रात एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबरप्लेट) बसवल्याशिवाय ना बोजा उतरतो ना गाडी नावावर होते, आणि काकांनी मुदत वाढतेय म्हणून बसवलीच नव्हती. ऑनलाइन बुकिंग, ७४५ अधिक जीएसटी म्हणजे ८७९ रुपये, तारीख मिळाली दोन आठवड्यांनंतरची. सौदा ठरतो त्याच दिवशी बुक करा, बाकी कामं तोपर्यंत होत राहतात. तिसरी अडचण सगळ्यात फालतू आणि सगळ्यात त्रासाची, वाहन पोर्टलवर काकांचा जो मोबाइल नंबर होता तो त्यांनी कधीच बंद केलेला, त्यामुळे ओटीपी कुणाला येतोय पत्ता नाही. आधी नंबर अपडेट करून घ्यावा लागला. गाडी बघायला जाल तेव्हाच मालकाला विचारा, आरसीला लावलेला नंबर चालू आहे का.

नोव्हेंबर यातच गेला. त्या दिवसांत माझी सारखी चिडचिड व्हायची, पैसे गेलेत, गाडी दारात उभी आहे, आणि कागदावर ती अजून दुसऱ्याचीच. नवऱ्याने एकदाही "मी सांगत होतो" असं म्हटलं नाही हे नमूद करते.

तिकडच्या आरटीओची एनओसी निघायला आधी चलनं (६,५०० ची होती, काकांनी भरली) आणि टॅक्स क्लिअर लागतो. आठ वर्षं झालेल्या कमर्शिअल गाडीला आपल्याकडे पर्यावरण कर लागतो, आणि ही गाडी सप्टेंबरमध्येच आठची झालेली, त्यामुळे तो कुणी भरायचा यावरून थोडं ताणलं, शेवटी निम्मा-निम्मा. १५ डिसेंबरला एनओसी हातात आली आणि त्याच संध्याकाळी काकांना राहिलेले ६० हजार पाठवले.

इन्शुरन्सचं मात्र मी एनओसीची वाट न बघता आधीच केलं होतं. काकांची पॉलिसी मार्चपर्यंत होती. थर्ड पार्टी कव्हर गाडीबरोबर आपोआप येतं, पण आपल्या गाडीचं नुकसान झालं तर पॉलिसी आपल्या नावावर नसताना क्लेम अडकतो, म्हणून १४ दिवसांच्या आत अर्ज करायचा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याकडेच राहतो, आपल्याला फरक भरावा लागतो, आमचा चार हजाराच्या आसपास गेला. तिथे त्यांनी लायसन्सचं विचारलं. नवऱ्याचं एलएमव्ही (हलक्या वाहनाचं) लायसन्स आहे, साडेसात टनाच्या आतल्या मालवाहू गाडीला ते चालतं, सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला त्यावर शिक्कामोर्तब केलंय, त्यामुळे आम्ही गाडी निवडतानाच एकूण वजन आरसीवर बघून घेतलं होतं.

आमच्या आरटीओला डिसेंबरच्या शेवटी अर्ज टाकला. एजंट सगळ्याचे १२ हजार सांगत होता. सरकारी फी त्यापेक्षा बरीच कमी होती पण परमिटचं काम मला झेपणारं वाटेना, म्हणून तेवढं एजंटला ३,५०० मध्ये दिलं आणि ट्रान्सफर मी स्वतः ऑनलाइन भरून केलं. परमिटचं असं आहे की एकूण वजन तीन टनांच्या वर असेल तर परमिट लागतंच, मग माल स्वतःचा असला तरी. काकांनी त्यांचं सरेंडर केलं आणि आम्ही नवीन काढलं, पाच वर्षांचं.

पासिंग १८ जानेवारीला संपत होतं त्यामुळे त्याआधी नेणं भाग होतं. ब्रेक, हेडलाइट, वायपर, हॉर्न, मडफ्लॅप, स्पीड गव्हर्नर, सगळं मिस्त्रींनी आधी बघून दिलेलं, तरी पहिल्या वेळी परत पाठवलं, कारण रिफ्लेक्टर पट्ट्या. पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल, इथपर्यंत बरोबर होतं, पण मागच्या फाळक्यावर साधी स्टिकरची लाल पट्टी होती, मान्यताप्राप्त मार्किंगवाली नव्हती. पट्ट्या बदलून दोन दिवसांनी परत नेली आणि झालं. गाडी आठ वर्षांच्या पुढे गेली की हे दरवर्षी, नव्या गाडीला दोन वर्षांनी एकदा. जुनी गाडी घेताना हा दिवस आणि हा खर्च वर्षाच्या हिशोबात धरा.

आरसीचं स्मार्ट कार्ड जानेवारीच्या शेवटी पोस्टाने आलं. एकूण खर्च: गाडी ४ लाख ८५ हजार, परमिट, इन्शुरन्सचा फरक, कर, पासिंग, प्रवास असं मिळून ३१ हजार, आणि दुरुस्तीत दोन टायर, क्लच, पाटे, पत्रा आणि आतल्या ट्रेच्या रॅकचं वेल्डिंग धरून ८२ हजार. म्हणजे ६ लाखाला दोन हजार कमी. बाजूला ४२ हजार राहिलेत, ते तसेच ठेवलेत.

नवऱ्याच्या नव्या गाडीच्या इच्छेचं काय, तर आम्ही भाड्यातून वाचणारे पैसे वेगळ्या आरडीत टाकायला सुरुवात केलीय, महिन्याला आठ हजार. ही गाडी २०३२ मध्ये १५ वर्षांची होईल, त्याच्या आधीच तिला काढायची असं आत्ता तरी ठरलंय. अण्णांना हे अजून सांगितलेलं नाही.

एक राहिलं, फास्टॅग. जुन्या मालकाने त्याचा टॅग बंद केल्याशिवाय त्या गाडीला दुसरा निघत नाही, आणि तो चालू राहिला तर तुमचा टोल त्याच्या खात्यातून कटत राहतो आणि मग तुम्हाला फोन येतात. ताबा घेताना समोर बसून बंद करून घ्या.